पायाभरणीनंतरचे कागद

२८ जानेवारी २०१६ रोजी केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २० शहरांची नावे जाहीर केली. स्मार्ट सिटी अभियानाच्या पहिल्या फेरीत ९७ शहरांचे प्रस्ताव स्पर्धेत होते, त्यांतून ही २० निवडली गेली. पहिला क्रमांक भुवनेश्वरचा, दुसरा पुण्याचा. नववे नाव सोलापूरचे होते. मोठ्या गिरण्या एकामागोमाग बंद पडलेल्या आणि नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात ही बातमी किती आशेने ऐकली गेली असेल, हे सांगायला पुरावा लागत नाही. त्यानंतर काय झाले हे सांगायला मात्र लागतो. सार्वजनिक पैशातून शहर सावरायचे ठरले, तेव्हा त्या पैशावर आणि कामावर नजर ठेवण्याची जबाबदारी कुणावर टाकली होती? ती पार पाडल्याची खूण कोणत्या कागदात मिळते? उपलब्ध दस्तऐवज तारखांच्या क्रमाने लावले की या प्रश्नांची काही उत्तरे पक्की हाती येतात आणि काही ठिकाणी साखळीची कडी निसटलेली दिसते.

पहिला कागद आकड्यांचा. निवडलेल्या २० शहरांच्या प्रस्तावांची बेरीज ५०,८०२ कोटी रुपये होती आणि त्यात सोलापूरचा प्रस्ताव २,२४७ कोटींचा. हा आकडा पुढे भाषणांत आणि बातम्यांत 'सोलापूरला मिळालेला निधी' म्हणून वावरत राहिला. अभियानाच्या जून २०१५च्या मार्गदर्शक सूचना शेजारी ठेवल्या की चित्र बदलते. केंद्राने एका शहराला पाच वर्षांत जास्तीत जास्त ५०० कोटी द्यायचे, सरासरीने वर्षाला १०० कोटी, आणि राज्य व महापालिका यांनी मिळून तेवढीच भर घालायची, असे त्या सूचना सांगतात. म्हणजे अभियानाचा म्हणता येईल असा पैसा सुमारे १,००० कोटी. उरलेले १,२४७ कोटी इतर सरकारी योजनांशी सांगड घालून, खासगी भागीदारीतून किंवा कर्जातून उभे करायचे होते. प्रस्तावातील निम्म्याहून अधिक रक्कम अभियानाच्या पेटीत पहिल्या दिवसापासून नव्हती, इतके या दोन कागदांवरून निश्चित म्हणता येते. यातून पुढच्या वाचनासाठी एक सावधगिरी मिळते. 'इतके टक्के खर्च झाला' असे विधान समोर आले की भाजक कोणता, हे आधी विचारायला हवे. २,२४७ आणि १,००० या दोन भाजकांनी एकाच खर्चाची दोन अगदी वेगळी टक्केवारी निघते, आणि दोन्ही आपापल्या जागी खरी असते.

त्याच सूचनांत क्षेत्राची अट आहे. जुन्या वस्तीत सुधारणा करायची तर निवडलेला भाग ५०० एकरांपेक्षा मोठा हवा. ५०० एकर म्हणजे साधारण २ चौरस किलोमीटर. १९९२च्या हद्दवाढीनंतर सोलापूरचे क्षेत्र १७८.५७ चौरस किलोमीटर झाले, म्हणजे ही किमान अट शहराच्या जेमतेम १ टक्क्याएवढी होते. प्रत्यक्ष निवडलेला भाग या किमान मर्यादेहून मोठा असला, तरी प्रमाणाची कल्पना यावी म्हणून ही तुलना. होम मैदान, सिद्धेश्वर तलावाचा परिसर, रंगभवन चौक, पार्क म्हणून ओळखले जाणारे इंदिरा गांधी स्टेडियम अशी ठळक कामे शहराच्या जुन्या गाभ्यात एकवटलेली का दिसतात, याचे उत्तर या अटीत आहे. हद्दवाढ भागातला नागरिक 'आमच्याकडे स्मार्ट सिटी आलीच नाही' म्हणतो, तेव्हा तो तक्रार करत असतो. पण त्याच वेळी नकळत २०१५च्या सूचनांचा मजकूरही बरोबर सांगत असतो.

आता देखरेखीकडे येऊ. सूचनांनी प्रत्येक शहरात कंपनी कायद्याखाली एक स्वतंत्र कंपनी काढायला सांगितले. तिचे निम्मे भागभांडवल राज्य सरकारचे आणि निम्मे महापालिकेचे. सोलापुरात २०१६मध्ये 'सोलापूर सिटी डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन लिमिटेड' ही कंपनी स्थापन झाली. या टप्प्यावर सूचनांचा मजकूर सावकाश वाचण्यासारखा आहे. राज्यांनी कंपनीला कोणते अधिकार द्यावेत हे तिथे क्रमाने सांगितले आहे. स्मार्ट सिटी प्रकल्पाबाबत नगरपरिषदेचे हक्क आणि कर्तव्ये कंपनीकडे सोपवावीत, कायद्याने महापालिकेकडे असलेले निर्णयाचे अधिकार कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे द्यावेत, आणि नगरविकास विभागाचे मंजुरीचे अधिकार संचालक मंडळाकडे द्यावेत. हेतू कामाचा वेग वाढवण्याचा होता, आणि तो समजण्यासारखा आहे. परंतु इतिहास लिहिणाऱ्याच्या दृष्टीने याचा एक थेट परिणाम झाला. महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत विषय आला की तो विषयपत्रिकेवर छापला जातो, सभा लोकांसाठी खुली असते, कोण काय बोलले याची इतिवृत्तात नोंद राहते. संचालक मंडळाची बैठक बंद दाराआड होते आणि तिचे इतिवृत्त कंपनीच्या दप्तरात राहते. निर्णय एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेले आणि त्यांच्याबरोबर निर्णयांचा पुरावाही गेला.

सोलापुरात एका कंपनीचे संचालक मंडळ सार्वजनिक चर्चेचा विषय होण्याची ही पहिली वेळ नाही. शहराचा पहिला मोठा कापड कारखाना, लोकांच्या तोंडी असलेली 'जुनी मिल', म्हणजे शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, १९४९मध्ये बंद पडली. ९ जानेवारी १९५० रोजी गव्हर्नर जनरलांनी अध्यादेश काढून तिचे व्यवस्थापन सरकारी नियंत्रणाखाली आणले, आणि त्याच वर्षी त्याचा कायदा झाला, १९५०चा २८ क्रमांकाचा. जुने संचालक गेले, सरकारने नेमलेले आले. चरणजितलाल चौधरी या भागधारकाने नव्या राज्यघटनेचा आधार घेत सर्वोच्च न्यायालय गाठले. ४ डिसेंबर १९५० रोजी बहुमताने त्यांची याचिका फेटाळली गेली. दरम्यान नव्या संचालकांनी अग्रहक्क भागांवर उरलेली रक्कम मागितली, तेव्हा द्वारकादास श्रीनिवास यांनी दावा लावला, आणि १८ डिसेंबर १९५३ रोजी त्याच न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. घटनेतील समानता आणि मालमत्ता या हक्कांचा अभ्यास करणारा देशातला प्रत्येक विद्यार्थी आजही या दोन निकालांपर्यंत येतो.

हे प्रकरण इथे आणण्याचे कारण पुराव्याशी निगडित आहे. १९४९-५०मध्ये त्या गिरणीच्या व्यवस्थापनात काय घडले, भांडवल कसे विभागले होते, संचालकांनी कोणता ठराव केला, हे आपल्याला इतक्या तपशिलाने ठाऊक आहे, कारण वाद न्यायालयात गेला आणि दोन्ही बाजूंना कागद पुढे करावे लागले. खटला झाला नसता तर हा तपशील कंपनीच्या कपाटात संपला असता. २०१६ साली स्थापन झालेल्या कंपनीच्या इतिहासाबाबतही माझे अनुमान असेच आहे. ज्या कामात ठेकेदाराशी तंटा झाला, निविदा पुन्हा काढावी लागली, लवादापर्यंत विषय गेला, त्या कामाचा माग सर्वांत चांगला लागेल. जे काम मुकाट्याने पार पडले किंवा मुकाट्याने अर्धवट राहिले, त्याची कागदी पाऊलवाट सर्वांत पुसट असेल. सुरळीत चाललेल्या कामाचेही दप्तर उघडे असणे म्हणूनच महत्त्वाचे.

कंपनीच्या शेजारी सूचनांनी आणखी एक व्यवस्था सांगितली होती. राष्ट्रीय पातळीवर मंत्रालयाच्या सचिवांची शिखर समिती आणि राज्यात मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील उच्चाधिकार समिती तर होत्याच, शिवाय शहरात एक सल्लागार मंच असायचा होता. जिल्हाधिकारी, खासदार, आमदार, महापौर, कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी, तांत्रिक तज्ज्ञ, स्थानिक तरुण, आणि रहिवासी संघ, करदात्यांची संघटना, झोपडपट्टी महासंघ, महिला मंडळ अशांपैकी प्रतिनिधी. कंपनीच्या बंद खोलीला शहराकडे उघडणारी खिडकी म्हणजे हा मंच. त्याच्या सदस्यांची यादी आणि सोलापूर महापालिकेचा कालपट समोरासमोर ठेवला की एक गोष्ट ठसठशीत दिसते. फेब्रुवारी २०१७मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०२२मध्ये संपली. निवडणूक झाली नाही, आयुक्तच प्रशासक झाले. अभियानाची मुदत दरम्यान वाढत गेली, आधी जून २०२३पर्यंत, मग जून २०२४, शेवटी ३१ मार्च २०२५. म्हणजे अभियानाची अखेरची तीन वर्षे, जेव्हा कामांचे पूर्णत्व तपासले जायचे होते आणि अंतिम देयके निघायची होती, तेव्हा शहरात महापौर नव्हता, नगरसेवक नव्हते, स्थायी समिती नव्हती. मंचाच्या यादीतील महापौराची जागा या काळात भरणे शक्यच नव्हते. यात अंदाजाचा भाग नाही, दोन तारखा जुळवल्या की ते आपोआप सिद्ध होते. या तीन वर्षांत महापालिकेचे ठराव प्रशासकाच्या सहीने झाले. ते अधिकृत दस्तऐवज आहेतच. विरोधी सदस्याने विचारलेला प्रश्न आणि त्याला मिळालेले उत्तर मात्र त्यांत असत नाही, आणि देखरेखीच्या इतिहासात नेमका तोच मजकूर सर्वांत मोलाचा असतो.

सूचनांनंतरचा मोठा दस्तऐवज ९ जानेवारी २०१९चा. त्या दिवशी पंतप्रधान नरेंद्र मोदी सोलापुरात आले होते. पत्र सूचना कार्यालयाच्या निवेदनात त्या दिवशीच्या कार्यक्रमांची जंत्री आहे. ती घाईने वाचली तर दोन ठिकाणी फसगत होते. पहिली जागा मलनिस्सारणाची. भूमिगत गटार योजना आणि तीन मलशुद्धीकरण केंद्रे यांचे लोकार्पण झाले असे निवेदन सांगते, आणि पुढच्याच भागात केंद्राच्या अमृत या दुसऱ्या अभियानातील भूमिगत गटार योजनेची पायाभरणी झाल्याचेही सांगते. एकाच दिवशी एकाच शहरात गटार योजना एकदा पूर्ण झाली आणि एकदा सुरू झाली. यात विसंगती नाही, हे वेगवेगळे टप्पे आहेत. पण कामांची यादी करणाऱ्याने दोन्ही नोंदी एकत्र केल्या, तर पूर्ण झालेले काम सुरू व्हायचे म्हणून मोजले जाईल किंवा उलट.

दुसरी जागा पैशाची. स्मार्ट सिटीतील उजनी पाणीपुरवठ्याची वाढ आणि अमृतमधील गटारे यांसाठी मिळून २४४ कोटी रुपये मंजूर असल्याचे निवेदनात म्हटले आहे. दोन अभियाने आणि रक्कम एक. त्यात पाण्याचा वाटा किती आणि गटारांचा किती, हे या कागदातून काढता येत नाही. शिवाय उजनीच्या समांतर जलवाहिनीसाठी एनटीपीसी या वीजनिर्मिती कंपनीनेही वाटा उचलायचा होता. या निवेदनात त्याचा उल्लेख नाही. म्हणून २४४ कोटी हा जलवाहिनीचा एकूण खर्च समजणे चूक ठरेल. मंजुरीच्या कागदाकडून एवढीच अपेक्षा ठेवावी.

ही जलवाहिनी सोलापूरसाठी काय आहे, ते थोडे थांबून सांगायला हवे, कारण तिच्याशिवाय बाकीच्या आकड्यांना अर्थ राहत नाही. ती आखली गेली तेव्हा शहराला तीन ठिकाणांहून पाणी मिळत होते. हिप्परग्याच्या एकरुख तलावातून भवानी पेठेच्या केंद्रात, उजनी धरणातून थेट जुन्या जलवाहिनीने पाकणीच्या केंद्रात, आणि टाकळीजवळ भीमेतून उपसून सोरेगावच्या केंद्रात. टाकळीचा उपसा टिकवण्यासाठी उजनीतून नदीत पाणी सोडून औज आणि चिंचपूरचे बंधारे भरावे लागत. धरणापासून तिथपर्यंतच्या प्रवासात बाष्पीभवन होते, काठावर उपसा होतो, पात्र पाणी पिते. शहराच्या गरजेच्या कितीतरी पट पाणी धरणातून काढावे लागे. सुमारे ११० किलोमीटरची दुसरी बंद वाहिनी झाली की नदीत सोडायचे ते पाणी वाचते, आणि ते शेतीलाही उपयोगी पडते. म्हणजे या एका कामात शहराची तहान आहे, शेतकऱ्याचा हक्क आहे आणि धरणाचे नियोजन आहे. आधी दररोज ११० दशलक्ष लिटर क्षमतेची आखलेली ही योजना पुढे दररोज १७० दशलक्ष लिटरची झाली. व्याप्ती बदलली की मूळ अंदाजपत्रक, मूळ मुदत आणि मूळ आराखडा यांच्याशी प्रगतीची तुलना करणे अवघड होते. २०१९च्या पायाभरणीतील योजना आणि नंतर जमिनीत घातलेली वाहिनी यांना जोडणारा दुवा म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यतेचा कागद. व्याप्ती का वाढली, कुणी मागितली, वाढीव पैसा कोणत्या लेखाशीर्षातून आला, हे त्याच एका कागदात एकत्र असायला हवे.

त्याच ९ जानेवारीच्या निवेदनात आणखी एक नोंद आहे, आणि तिने मला सर्वांत जास्त आनंद दिला, कारण ती स्वतःच स्वतःची तपासणी करू देते. प्रधानमंत्री आवास योजनेखाली ३०,००० घरांची पायाभरणी. लाभार्थी कचरावेचक, रिक्षाचालक, कापड आणि विडी कामगार यांच्यासारखे बेघर गरीब. एकूण खर्च १,८११.३३ कोटी, त्यापैकी केंद्र आणि राज्य यांचे साहाय्य ७५० कोटी. ही योजना म्हणजे शहराबाहेर कुंभारीजवळचे रे नगर, ज्यासाठी माजी आमदार नरसय्या आडम यांनी अनेक वर्षे कामगारांची संघटना उभी ठेवली. आता भागाकार करू. या प्रकारच्या घराला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख असे अडीच लाख रुपये मिळत. ३०,००० गुणिले अडीच लाख, बरोबर ७५० कोटी. निवेदनातील आकडा योजनेच्या नियमाशी पैशापर्यंत जुळतो. याचा अर्थ तो आकडा प्रत्यक्ष झालेल्या खर्चाचा नसून सर्व ३०,००० घरांना नियमाप्रमाणे साहाय्य धरून काढलेला आहे. एकूण खर्चातून तो वजा केला तर १,०६१.३३ कोटी उरतात, घरामागे सुमारे ३ लाख ५४ हजार. ही रक्कम कामगार कुटुंबाची स्वतःची बचत आणि कर्ज यांतून यायची असावी, हे अनुमान. एकूण खर्चात रस्ते, पाणी, वीज यांचा समावेश किती होता यावर ती कमीजास्त होईल. तरी विडी वळणाऱ्या बाईच्या संसारात साडेतीन लाखांचा भार किती वर्षांचा, हे सोलापुरात कुणाला समजावून सांगावे लागणार नाही. 'सरकारी घर' म्हणताना या हिशेबातला मोठा वाटा तिचा आहे, असे सरकारच्याच निवेदनातल्या आकड्यांवरून दिसते.

पाच वर्षे आणि दहा दिवसांनी, १९ जानेवारी २०२४ रोजी, त्याच वसाहतीबद्दल दुसरे निवेदन निघाले. रे नगरमधील १५,००० घरांचे लोकार्पण. दोन निवेदने जोडली की कालमापन नेमके होते: पायाभरणी ३०,००० घरांची, पाच वर्षांनी हाती दिलेली १५,०००. उरलेली १५,००० त्या दिवशी पायावर होती, छतापर्यंत होती की आराखड्यात, यावर दुसरे निवेदन बोलत नाही. म्हणून 'अर्धे काम राहिले' असे लिहिणे पुराव्याच्या पुढे जाणे होईल. 'अर्धी घरे सोपवली' इतकेच लिहिता येते, आणि एवढ्या मोठ्या कामगार वसाहतीसाठी ती लहान गोष्ट नाही.

निवेदने प्रसंग टिपतात. दोन प्रसंगांच्या मधल्या काळातले काम दुसऱ्याच कागदांत असते. अभियंत्यांच्या बोलण्यात सर्वांत जास्त येणारा असा कागद म्हणजे एम. बी., मोजमाप पुस्तिका. तिला अनुक्रमांक असतो, पाने मोजलेली असतात, पान फाडायचे नसते, चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नसतो. रेघ मारून वर बरोबर आकडा आणि सही. जागेवर जाऊन लांबी, रुंदी, खोली मोजायची, तारखेसह लिहायची, वरच्या अधिकाऱ्याने तपासायची, आणि मगच ठेकेदाराचे चालू देयक निघायचे. जलवाहिनीचा नळ कोणत्या दिवशी किती मीटर घातला गेला याची सर्वांत जवळची साक्ष तीच. त्रयस्थ तपासणीचा अहवाल तिच्यावर वरून नजर टाकतो.

एम. बी. खालून वर जाते, उपयोगिता प्रमाणपत्र वरून खाली मागितले जाते. मिळालेला निधी मंजूर कामावरच खर्च झाला, असे निधी घेणाऱ्याने लिहून देण्याचा हा नमुना. तो जीएफआर १९-अ या नमुन्यात असेल तर २००५च्या वित्तीय नियमांखालचा, १२-अ असेल तर २०१७च्या. तारीख पुसट असली तरी नमुन्याच्या क्रमांकावरून काळ ठरवता येतो. स्मार्ट सिटीच्या सूचनांनी पुढच्या हप्त्यासाठी हे प्रमाणपत्र, दर तिमाहीचे प्रगतिपत्रक, आराखड्यातील टप्पे गाठल्याची नोंद आणि कंपनीच्या संचालक मंडळाचा ठराव, एवढे मागितले होते. म्हणजे सोलापूरला केंद्राचा पुढचा हप्ता मिळाला असेल, तर त्याआधी हे कागद तयार झालेच असले पाहिजेत. हप्ता मिळाल्याची नोंद ही या कागदांच्या अस्तित्वाची अप्रत्यक्ष ग्वाही आहे.

ते मागायचे कुणाकडे, इथे कंपनी कायद्याचा एक बारीक प्रश्न उभा राहतो. २०१३च्या कायद्यातील कलम २(४५) सरकारी कंपनी म्हणजे केंद्र किंवा राज्य यांचे किमान ५१ टक्के भांडवल असलेली कंपनी असे सांगते. इथे राज्याचे ५० आणि महापालिकेचे ५०. शब्दशः वाचले तर एक टक्का कमी पडतो. पण लेखापरीक्षक नेमण्याच्या कलम १३९(५)मध्ये शब्द अधिक विस्तृत आहेत: सरकारच्या मालकीची किंवा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष नियंत्रणाखालील कोणतीही कंपनी. तिथे देशाचे नियंत्रक व महालेखापरीक्षक लेखापरीक्षक नेमतात. राज्य आणि महापालिका सोडून तिसरा मालकच नसलेली कंपनी या शब्दांत बसते असे माझे वाचन आहे. माहिती अधिकाराच्या बाबतीत तर संदिग्धता फारच कमी. २००५च्या त्या कायद्याचे कलम २(ज) सरकारी मालकीच्या, नियंत्रणाखालील किंवा मोठ्या प्रमाणावर सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेला सार्वजनिक प्राधिकरण ठरवते, आणि कलम २(ञ) नागरिकाला कागदांच्या प्रतीसोबत कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क देते.

माहितीच्या या हक्कामुळे २४४ कोटींकडे पुन्हा वळता येते. ती रक्कम निवेदनात एकत्र असली तरी खर्चाच्या हिशेबात एकत्र राहू शकत नाही. स्मार्ट सिटी आणि अमृत ही दोन्ही अभियाने २५ जून २०१५ या एकाच दिवशी सुरू झाली, पण त्यांचे मंजुरी आदेश वेगळे, लेखाशीर्षे वेगळी, आणि म्हणून उपयोगिता प्रमाणपत्रेही वेगळी. स्मार्ट सिटीचे प्रमाणपत्र कंपनीच्या दप्तरातून गेले असणार, अमृतचे महापालिकेच्या. उजनीच्या पाण्याचा वाटा आणि गटारांचा वाटा हे दोन आकडे त्या दोन प्रमाणपत्रांवर स्वतंत्रपणे लिहिलेले असायला हवेत, सही आणि तारखेसह. मागणीचा अर्ज करताना दोन्ही कार्यालयांकडे एकाच आर्थिक वर्षाची प्रमाणपत्रे मागावीत, म्हणजे बेरीज जुळवता येईल. पहिले वर्ष २०१८-१९, कारण पायाभरणी त्या वर्षाच्या चौथ्या तिमाहीत झाली.